चान्सच्या यादीत पहिला

मुंबईहून जावयाची तार आली तेव्हा मी देवीवरही रागावलो होतो. पहिल्या बाळंतपणात माझ्या लेकीची प्रकृती गंभीर झाली होती. मल्हारगंजातून टांग्याने विमानतळाकडे जाताना बिजासन मातेची टेकडी दिसली आणि आयुष्यात प्रथमच मी हात जोडले नाहीत. जिने सांभाळायचे तिनेच कसूर केली, असे माझे म्हणणे होते.

मध्य प्रदेश तेव्हा नवा होता आणि विमाने लहान. तिकीटवाला कोणी आला नाही, तर त्याची जागा ‘चान्स’च्या यादीतल्याला क्रमाने मिळे, मात्र उन्हाळ्यात माणसाचे आणि सामानाचे वजन पाहून. यादीत मी पहिला होतो. जागा एकच रिकामी झाली, आणि माझी लोखंडी पेटी काट्यावर चढली.

“साहेब, धूप फार आहे, या उन्हात विमान एवढा बोजा नाही उचलणार,” कारकून म्हणाला. “पेटी ठेवा अन् तुम्ही बसा.”

“सामान नेणे हा माझा हक्क आहे. नियम दाखवा, नाहीतर वरिष्ठांना लिहीन.”

“लिहा जी. पण मग जागा दुसऱ्या नंबरला जाते.”

दुसरा नंबर महूच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचा होता; हातात एक पिशवी, कपाळावर बिजासनचे ताजे कुंकू. लबाडीने पुढे घुसता, असे मी त्यांना चारचौघांत सुनावले आणि माझा अधिकार सिद्ध करण्यासाठी तार मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी तार पूर्ण ऐकली. मग कारकुनाला म्हणाल्या, “भिया, माझं नाव काढा, यांना बसवा.” आणि माझ्याकडे वळून, “काकाजी, लेक तिकडे वाट बघतेय अन् तुम्ही पेटीसाठी भांडताय. द्या इकडे, मी गाडीनं घेऊन येते. दवाखाना कुठला ते सांगा.”

मी पेटीची कडी सोडली. त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

पोचलो तेव्हा लेक शुद्धीत होती. “बाबा आले,” एवढेच म्हणून तिने माझे बोट धरले. संध्याकाळी नात जन्मली. दोघी सुखरूप होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या बाई हमालाकरवी पेटी घेऊन दवाखान्याच्या दारात उभ्या. “खंडव्याला गाडी बदलताना हमालानं फार नावं ठेवली हो हिला,” त्या हसून म्हणाल्या. “एवढी जड. देव आहेत का यात?”

पेटीत शेजाऱ्याविरुद्धच्या भिंतीच्या दाव्याचे कागद होते. मुंबईच्या वकिलाला दाखवायचे होते. ते सांगायला जीभ रेटली नाही. “हो,” मी म्हणालो. त्यांनी वाकून पेटीला नमस्कार केला आणि नातीला पाहायला आत गेल्या. त्यांच्या सख्ख्या भावाचे मुंबईतले लग्न त्या गाडीत असतानाच, त्याच सकाळी लागून गेले होते, हे त्यांनी माझ्या लेकीला सांगितले, मला नाही.

दावा मी मागे घेतला. ती पेटी आज आमच्या देवघरात आहे आणि तिच्यात खरोखरच देव आहेत. रोज हात जोडतो, पण मान वर होत नाही. मातेने माझी हाक ऐकली, तीही मी न मारलेली. यादीत मी पहिला होतो, हे खरेच होते. जागा मात्र मला त्यामुळे मिळाली नव्हती.