उजनीचं पाणी मागं गेलं तेव्हा

सातारा सोडताना अण्णांनी गाडीत बसल्या बसल्या डोळे मिटले, ते फलटण येईपर्यंत उघडले नाहीत. ते झोपलेले नव्हते. झोपलेल्या माणसाची मूठ अशी आवळलेली नसते. मी गाडी चालवत होते आणि सारखी त्या मुठीकडे बघत होते.

अण्णा माझे थोरले भाऊ. एसटीच्या कार्यशाळेत नोकरी करून निवृत्त झाले. दिवाळीनंतर वहिनी गेल्या आणि घरात ते एकटे उरले. माझं घर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे रोज जाणं-येणं होतं. एकदा चहा पिता पिता ते म्हणाले, "आता उगाच कशाला राहायचं, वसू?" आणि पेपर उघडून वाचायला लागले. त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं, ते मी विचारलं नाही. विचारलं आणि ते खरंच तसलं काही बोलले, तर मी काय करणार होते? पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. सकाळी त्यांच्या दाराची कडी वाजवली की आतून खोकल्याचा आवाज येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

ही सहल पुण्यातल्या भाच्यानं ठरवली. "मावशी, मामांना दोन दिवस बाहेर काढ. उजनीच्या काठाला एका कुटुंबानं छोटं रिसॉर्ट काढलंय. लोक पक्षी बघायला जातात. शांत आहे." पाण्याकाठची जागा म्हटल्यावर मला नको वाटलं. पण त्याला कारण काय सांगणार? मी हो म्हणाले.

सांगवीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या. कारखान्यांचा हंगाम संपत आला होता, तरी रस्त्यावर चिपाडांचा सडा होता आणि हवेत मळीचा आंबूस वास. बारामतीत मी चहाला थांबले. अण्णा खाली उतरले नाहीत. मी काचेच्या ग्लासातून त्यांना चहा नेऊन दिला, तो त्यांनी हातात धरून गार केला. भिगवणच्या रस्त्याला लागल्यावर हिरवं मागं पडलं. दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी, पिवळं माळरान, मध्येच एखादं मेंढरांचं खांड. मग एका चढावर आलो आणि समोर एकदम पाणी दिसलं. इतकं, की पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. अण्णांनी डोळे उघडून त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मी गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली.

रिसॉर्ट म्हणजे रशीदभाईंचं घर, त्याला लागून चार खोल्या, पुढे पत्र्याची मोठी शेड आणि दोन कडुलिंब. रशीदभाई साठीचे, उंच, पांढरी दाढी राखलेले. त्यांची बायको मुमताजभाभी स्वयंपाक बघायच्या आणि मुलगा अस्लम होडी चालवायचा. रमजानचे रोजे चालू होते. तिघांच्याही पोटात पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता आणि तरी भाभी आमच्यासाठी चिलापी तळत होत्या.

"ताई, मीठ तेवढं बघा," त्यांनी मला चुलीपाशी हाक मारली. "मला चाखता येत न्हाय."

मीठ बरोबर होतं. गरम भाकरी, लालभडक तिखट लावलेला मासा आणि कच्चा कांदा. मी पोटभर जेवले. अण्णांनी अर्ध्या भाकरीनंतर ताट सरकवलं.

जेवणानंतर रशीदभाईंनी जागा दाखवली. थंडीत इथं पाणी पार कडुलिंबापर्यंत असतं, शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, मोठमोठे कॅमेरे घेऊन माणसं येतात. संक्रांत झाली की धरणातून पाणी सुटायला लागतं आणि काठ मागं मागं सरकतो. मग हे लोक होड्या, बाकं, पत्र्याचा आडोसा, सगळं पाण्याच्या मागं खाली नेतात. मोकळ्या झालेल्या जमिनीत कलिंगडं आणि काकडी लावतात. त्याला इथं गाळपेर (पाणी हटल्यावर गाळात केलेलं पीक) म्हणतात. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की तेच सगळं पुन्हा वर. तेव्हा गिऱ्हाईक नसतं. होड्यांना डांबर लावायचं, पत्रे ठोकायचे.

"घर हाय तितंच हाय," रशीदभाई म्हणाले, "पर आंगण दरसाल फिरतंय आमचं."

मग त्यांनी खाली बोट दाखवलं. कलिंगडाच्या वेलांपलीकडे लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्यांची रांग होती. "त्या खुट्यांच्या पल्याड जायचं न्हाय. वरनं वाळल्यालं दिसतंय, पर आत रेंदा हाय." रेंदा म्हणजे पातळ चिखल. वर भेगा पडलेली पापडी आणि खाली बुडाचा पत्ता नाही. "आमची म्हस गेली हुती त्यात. डोळ्यांदेखत."

मी अण्णांकडे बघितलं. ते ऐकत होते की नव्हते, कळेना. त्या रात्री मी माझी खाट ओढून दाराला लावली.

सकाळी अस्लमनं होडीतून नेलं. ऊन कोवळं होतं, पाणी काचेसारखं. दूर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता. जवळ जाईतो तो पांढरा दिसत होता. मग एकानं पंख उघडले आणि आतला गुलाबी रंग दिसला. एकामागून एक सगळे उठले. इतकं सुंदर दृश्य मी आयुष्यात थोडंच बघितलं असेल, पण मला ते नीट बघता आलं नाही. अण्णा होडीच्या कडेवर रेलून पाण्यात हात बुडवत होते आणि मी त्यांच्या सदऱ्याचं टोक मागून मुठीत धरलं होतं.

"किती खोल आहे रे?" त्यांनी अस्लमला विचारलं. दोन दिवसांतला तो त्यांचा पहिला प्रश्न.

"हितं दोन पुरुष असंल, तात्या. पल्याड भीमेचं जुनं पात्र हाय. तितं ठाव लागत न्हाय."

अण्णांनी मान हलवली. अस्लमला मी परत फिरायला सांगितलं. ऊन लागतंय, असं कारण सांगितलं.

दुपारी अण्णा कडुलिंबाखाली खुर्चीत बसले. रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता; मी शेजारच्या बाजल्यावर जरा टेकले आणि मला झोप लागली. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. खुर्ची रिकामी होती.

खोलीत बघितलं, नव्हते. न्हाणीघराचं दार उघडं होतं. मी शेडमध्ये धावले. भाभी इफ्तारीसाठी कलिंगड चिरत होत्या. "तात्या? आत्ता तर हितं बसल्यालं," म्हणाल्या आणि सुरी ठेवून माझ्याबरोबर बाहेर आल्या.

खाली खुंटीपाशी अण्णांच्या चपला होत्या. एकीशेजारी एक, नीट काढून ठेवलेल्या.

आणि त्यांच्यापासून दूर, पापडी धरलेल्या त्या राखाडी पसाऱ्यात अण्णा दिसले. आधी मला काय चुकतंय ते कळलं नाही. मग कळलं की माणूस अर्धाच दिसतोय. कमरेखाली अण्णा नव्हते.

मी पळत सुटले. खुंट्यांपाशी भाभींनी मागून माझा दंड पकडला, इतका घट्ट की नंतर आठवडाभर तिथं वळ होता. "तुमी गेला तर दोगं जाल," त्या म्हणाल्या आणि वळून त्यांनी घराकडे हाक दिली. रशीदभाई आणि अस्लम धावत आले. दोघांनी पत्र्याची चपटी होडी उचलून चिखलावर टाकली, तिच्यात दोर ठेवला. अस्लम होडीवर पोटावर झोपला आणि दोन्ही हातांनी चिखल मागं सारत निघाला. रशीदभाई दोन लांब फळ्या आळीपाळीनं पुढं टाकत, त्यांच्यावरून गुडघ्यांवर सरकत त्याच्यामागं.

अण्णा हात वर करून हलवत होते. हलले की आणखी खाली जात होते. भाभी ओरडून सांगत होत्या, "तात्या, हलू नगा. मागं रेला. उताणं व्हा." ते ऐकत नव्हते, किंवा त्यांना ऐकू येत नव्हतं.

"ताई, तुमी बोला," भाभी मला म्हणाल्या. "तुमचा आवाज वळखतील. काय बी बोला, पर बोलत ऱ्हावा."

मग जे तोंडातून बाहेर पडलं, ते मी तीन-चार महिने गिळून ठेवलेलं होतं.

"अण्णा, तुम्ही मुद्दाम गेलात का?"

त्यांनी कानामागं हात नेला. ऐकू आलं नव्हतं. मला ते पुन्हा, आणखी मोठ्यानं, अनोळखी माणसांसमोर ओरडावं लागलं. "तुम्ही मुद्दाम गेलात का, अण्णा?"

भाभींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं असावं, कारण दंडावरचा त्यांचा हात सैल झाला आणि पाठीवर आला.

मग अण्णांचा आवाज आला, लहान मुलासारखा फाटलेला. "मला काढ, वसू. मला भीती वाटतीये."

"मग मागं रेला," मी ओरडले. "अंथरुणात पडल्यासारखे रेला. ते काढतायत तुम्हाला."

ते रेलले. चिखलानं त्यांचे खांदे धरले आणि ते तिथंच राहिले, खाली गेले नाहीत. अस्लम पोचला. त्यानं काखेतून दोर घातला, होडीच्या कडेला बांधला आणि मग हातानं त्यांच्या मांड्यांभोवतीचा चिखल उकरायला लागला. एक पाय सुटला की दुसरा रुतायचा. रशीदभाई फळीवर आडवे होऊन अण्णांचं डोकं वर धरून होते. आम्ही दोघी काठावर उभ्या. मी देवाचं नाव घेत होते, शेजारी भाभी अल्लाचं, आणि कुणाचा आवाज कुणाचा ते कळत नव्हतं. एकदा होडीच एका अंगाला कलली आणि अस्लमचा हात खांद्यापर्यंत आत गेला. भाभींनी माझी बोटं मुठीत घेतली. तोवर मी एकाच माणसासाठी घाबरले होते. तिथं भाभींचा मुलगा होता.

शेवटी अण्णा सुटले. त्यांना होडीवर पालथं टाकून दोघांनी काठाला आणलं. अस्लमनं कलिंगडांना पाणी द्यायच्या पाइपनं त्यांच्या अंगावर पाणी सोडलं आणि त्या चिखलातून हळूहळू माझा भाऊ दिसायला लागला.

रशीदभाई मात्र भडकले होते. "तुमी पाव्हणं हाय, पर बोलतो. खुट्या दिसल्या न्हाईत का तुमाला? सांगितलं न्हवतं का मी?" त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि ओठ कोरडे पडून फुटले होते. "माझं पोरगं ग्येलं आस्तं आत्ता."

अण्णांनी हात जोडले. रशीदभाई तोंड फिरवून उभे राहिले, मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि अण्णांचं डोकं पुसायला लागले.

तेवढ्यात गावाकडून मशिदीची बांग ऐकू आली. शेडमध्ये चटई पसरलेलीच होती. भाभींनी आम्हालाही बसवलं. रशीदभाईंनी खजूर तोंडात घातला, पाण्याचा घोट घेतला आणि डोळे मिटून जरा वेळ तसेच बसले. अण्णांपुढे कलिंगडाच्या फोडी होत्या. त्यांनी एक खाल्ली. मग दुसरी. सगळं ताट संपवून ते हळू आवाजात म्हणाले, "भाभी, भाकरी आहे का?"

दुसऱ्या दिवशी निघताना अण्णा अस्लमपाशी गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. अस्लमच हसला. "तात्या, पाणी चढल्यावर या. तवा चिखलच नसतो," म्हणाला.

बारामती जवळ आल्यावर अण्णा समोर बघत म्हणाले, "काल तू विचारलंस ना."

मी गाडी कडेला घेतली.

"पक्षी बघत गेलो होतो गं. मरायचं ठरवून नव्हतो गेलो," ते म्हणाले. "पण खुंटी दिसली होती मला. ओलांडताना वाटलं, काय व्हायचं ते होऊ दे." शेजारून ट्रॅक्टर गेला तसे ते थांबले. "मग पाय आत गेला. इतका घाबरलो, वसू. मला वाटायचं, मला आता कशाचीच भीती उरली नाही."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले. त्यांनी मला रडू दिलं.

साताऱ्याला परतल्यावर त्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. अण्णा कुरकुरले, पण आले. आता गोळ्या चालू आहेत आणि मंगळवारी एका समुपदेशक बाईंशी बोलायला जातात. माझी भीती गेली, असं मी म्हणणार नाही. उजनीचा तो राखाडी काठ अजून स्वप्नात येतो. फरक इतकाच, की रोज सकाळी मी त्यांना फोन करून सरळ विचारते, "आज कसं वाटतंय?" बहुतेक दिवशी ते म्हणतात, "ठीक आहे." कधीतरी म्हणतात, "आज बरं नाही, वसू."

मग मी हातातलं काम टाकते आणि त्यांच्याकडे जाते.