पाकिटाची मागची बाजू

अण्णांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या फजितीने.

लग्न होऊन मी साताऱ्याकडून विरारला, चंदनसारच्या नव्या इमारतीत राहायला आले, तेव्हा सामानात माझा तिकिटांचा अल्बम होता. वसईच्या एका वाचनालयात रविवारी टपालसंग्राहक जमतात असं कळलं आणि मी ऐटीत अल्बम घेऊन गेले. श्री. जगन्नाथ राऊत, म्हणजे आपले अण्णा, चष्मा कपाळावर चढवून पानं उलटत होते. "तिकिटं छान आहेत. यांची पाकिटं कुठे आहेत?" मी अभिमानाने सांगितलं, "पाण्यात भिजवून तिकिटं सोडवली, पाकिटं टाकून दिली." अण्णांनी डोक्याला हात लावला. "अहो ताई, केळं फेकलंत आणि साल जपलीत!" सगळे हसले. मला असा राग आला की पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही, असं ठरवून मी निघाले. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी मीच हजर!

अण्णा मूळचे उमेळ्याचे. उभी नोकरी टपालखात्यात, पत्रांच्या वर्गवारीत गेली. निवृत्तीनंतर त्यांनी युद्धकाळातल्या टपालाचा ध्यास घेतला. आघाडीवरून आलेली, आघाडीवर धाडलेली, लष्कराच्या तपासनिसाने फोडून पुन्हा पट्टी चिकटवलेली पाकिटं त्यांनी गावोगाव हिंडून शोधली. असा संग्रह आपल्या तालुक्यात दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. त्यांचा एक दंडक आहे: पाकीट आधी मागून वाचायचं. पुढे एकाच माणसाचं अक्षर असतं. मागे वाटेतल्या प्रत्येकाचा हात लागलेला असतो. त्या खुणा वाचता याव्यात म्हणून साठीनंतर ते मोडी शिकले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणतात, "देवघरातल्या पोथीलाही यांनी कधी एवढ्या सोवळ्याने हात लावला नाही."

आणि कुणाच्या घरचं पाकीट अण्णा कधीच ठेवून घेत नाहीत. फोटो काढतात, घरच्यांना वाचून दाखवतात आणि परत देतात.

त्यांचा मोठेपणा मला खरा कळला तो जूचंद्रच्या बायोआजींच्या पाकिटामुळे. ऐंशी ओलांडलेल्या बायोआजींचे वडील दुसऱ्या महायुद्धात कामी आले. मुलगी झाल्याचं पत्र आईने कुणाकडून तरी लिहून घेऊन आघाडीवर धाडलं होतं. ते परतीचा शिक्का घेऊन माघारी आलं. फोडलेलं होतं, पण ते तपासनिसानेच फोडलं असणार असं सगळ्यांनी धरलं. बापाला मुलगी झाल्याचं कळलंच नाही, हे ऐकत बायोआजी म्हाताऱ्या झाल्या. आतलं पत्र कधीच हरवलं. उरलं नुसतं पाकीट. आमच्या प्रदर्शनासाठी ते देताना त्यांनी अण्णांना बजावलं, "माजे हातान परत दे हां."

प्रदर्शनाच्या धांदलीत अण्णांनी ते न बघताच माझ्या हाती सोपवलं. प्लास्टिकच्या कव्हरात घालायचं, एवढंच काम. मागे पेन्सिलीच्या पुसट रेघोट्या होत्या. जुनी पाकिटं विकणारे मागे पेन्सिलीने किंमत टाकतात आणि आम्ही ती खोडतो, ही आमच्यातली सवय. घरात जपलेल्या पाकिटावर किंमत कुठून येणार, हा विचार न करता मीही खोडरबर फिरवला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पाकीट उलटं केलं. "इथे काही होतं?"

"रेघोट्या होत्या. पुसल्या."

अण्णांचा चेहरा उतरला. "ताई, ती मोडी असेल."

मी रडायलाच लागले. अण्णांनी एका शब्दाने दुखावलं नाही. खिडक्या लावल्या, टॉर्च आडवा धरला. पेन्सिल पुसली तरी कागदावर दाब राहतो. तासभर ते एकेक अक्षर लावत होते. शेवटी त्यांनी वाचलं: "दवाखान्यात पत्र वाचून दाखविले. मुलीचे ऐकून हसला." खाली लिहिणाऱ्याचं नाव होतं. ते माझ्या खोडरबराने गेलं ते गेलंच.

मी म्हटलं, "खोडल्याचं आजींना नको सांगायला." अण्णा पहिल्यांदाच कडक आवाजात बोलले. "पाकीट त्यांचं आहे. जे मिळालं तेही सांगायचं आणि जे गेलं तेही. आणि ते तुम्हीच सांगायचं."

आम्ही जूचंद्रला गेलो. मी रडत रडत सगळं कबूल केलं. आजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अण्णांकडून ती दोन वाक्यं त्यांनी तीनदा वाचून घेतली. मग म्हणाल्या, "म्हंजे माजे बापासला म्हाईत व्हता? मी झाले त्या?"

"होय आजी. माहीत होतं. हसले ते."

त्या पाकीट छातीशी धरून बसून राहिल्या. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रडू नको गो पोरी."

तेव्हापासून माझ्या टेबलावर खोडरबर नाही.

अण्णा पंच्याहत्तरी पूर्ण करताहेत. अजूनही ते जिने चढतात, मोडीशी झगडतात आणि आम्हा शिष्यांची फजिती करतात. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, प्रकृती ठणठणीत राहो आणि शंभरीच्या गौरवग्रंथातही लिहिण्याची संधी मला मिळो. पण माझ्या शुभेच्छेहून मोठी एक शुभेच्छा माझ्याकडे आहे. हा लेख लिहिते आहे असं सांगायला गेले, तेव्हा बायोआजींनी ती माझ्याकडे दिली: "अन्नाला सांग, माजा बापूस जगला नाय ती वरसा तुला लागूंदे."