ताईची न सांडणारी बॅटरी

भाच्याचा फोन आला, "मावशी, आई गेली." मी म्हटलं, "कुठं?" आता काय म्हणावं मला! नव्वदीला टेकलेली, अंथरुणाला खिळलेली बाई, ती सकाळी सहाला कुठं जाणार... पण ताई जन्मभर पिशवी काखेत मारून कुठंतरी निघालेलीच असायची, म्हणून तोंडातून तेच निघालं. गॅसवर दूध उतू गेलं तेव्हा कळलं, आणि मी ओट्याशीच खाली बसले. सव्वा महिना झाला त्याला.

आमचं गाव दर्यापूरच्या पुढे, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट. प्यायचं गोडं पाणी लांबून बैलगाडीनं यायचं आणि आई ते तुपासारखं वाढायची. बाबा गावचे मास्तर. काचबिंदूनं डोळे गेले, शाळा सुटली, आणि बाजेवर पडल्या पडल्या सोबतीला उरला एक रेडिओ. गावात वीज नव्हती. रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालायचा आणि ती चार्ज करायला एसटीनं अकोल्याला न्यावी लागायची. एकदा गाडी उसळली, ॲसिड सांडलं आणि शेजारच्या बाईच्या लुगड्याची पार चाळण झाली. तेव्हापासून कंडक्टर बॅटरी चढूच देईना. बाबांनी तक्रार केली नाही. फक्त बातम्यांच्या वेळेला मुक्या रेडिओवर हात ठेवून बसायचे... बघवत नसे ते.

ताई तेव्हा अमरावतीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होती. तिनं मनावर घेतलं, सांडणार नाही अशी बॅटरी करायची. साबणवाल्याकडून सिलिकेट आणलं, म्हणजे वाळू आणि सोडा वितळवून केलेला दाट पाक. तो बेतानं ॲसिडमध्ये कालवला की सगळं थिजतं. लिहायला काय जातं! कधी ओतायच्या आधीच भांड्यात गोळा, कधी दोन दिवस ठेवलं तरी पाणीच. तिच्या एकाही पातळाला धड पदर उरला नव्हता. आई डोक्याला हात लावायची, "हिले कोण करून घेईन?" दुसरा हिवाळा आला तेव्हा कुठं जमलं. खरवसासारखं थरथरायचं, पण जागचं हलायचं नाही.

मी तेव्हा तिच्याकडे गेले होते. चार्ज केलेली ती बॅटरी गावी न्यायला आम्ही दोघी अमरावतीच्या स्टँडवर गेलो. कंडक्टर आडवा आला. ताईनं झाकणं काढली आणि बॅटरी स्वतःच्याच मांडीवर उपडी धरली. एक थेंब नाही! "बाई, काहून माहा जीव घेऊन राहिल्या? बसा आता!" तो ओरडला आणि सगळी गाडी हसली. त्या संध्याकाळी बाबा अख्ख्या गल्लीला नाट्यसंगीत ऐकवत बसले.

मग वैशाख आला. ताई बजावून गेली होती, "याले पाणी घालायचं नाही." पण एका दुपारी मी झाकण उघडून पाहिलं, तर आत सगळं भेगाळलेलं, आमच्या काळ्या मातीसारखं. जीव तुटला हो माझा. तहानलंय बिचारं! माठातलं गोडं पाणी ओतायला हात होईना, म्हणून विहिरीचं फुलपात्रभर आणून ओतलं. बाबा बाजेवर झोपलेले होते. आठवडाभरात रेडिओ बंद पडला. खारट पाण्यानं बॅटरी मरते हे मला पुढं कॉलेजात कळलं. ताई येऊन बॅटरी घेऊन गेली. जो तो म्हणाला, आपल्या उन्हाळ्यापुढे असलं काही टिकत असतं का! पाण्याचं मी कोणाला सांगितलं नाही. ताईची दुसरी बॅटरी व्हायच्या आतच, आषाढ लागताना, बाबा गेले. पुन्हा तिनं त्या कामाला हात लावला नाही. बाबांचे शेवटचे दोन महिने मुके गेले ते माझ्यामुळे, आणि ताई हरली तीही माझ्यामुळे, हे मी पासष्ट वर्षं छातीवर घेऊन हिंडले.

गेल्या दिवाळीत भेटलो ती शेवटची. ताईचा नातू पुण्याला बॅटऱ्यांवरच काम करतो. सांगत होता, आता नव्या बॅटरीत सिलिकॉन घालायचं चाललंय, वाळूतूनच काढतात ते. वीज भरपूर साठवतं, पण चार्ज होताना फुगतं आणि त्याला भेगा पडतात. "अजून भेगाच का रे!" ताई हसत सुटली. मला हसू येईना. तो उठून गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं, ऐंशीव्या वर्षी, लहान पोरीसारखं मुसमुसत.

ताईनं माझा हात धरला. "मले माहीत आहे, बेबे."

"कसं?"

"बाबांनीच सांगितलं. ते झोपले नव्हते. 'बेबीनं पाणी ओतलं, आवाज ऐकला मी. माह्यासाठीच ओतलं पोरीनं. तिले कधी बोलू नको,' म्हणाले."

"मग तू पुन्हा बॅटरी काहून नाही केली?"

"कोणासाठी करू?"

पासष्ट वर्षं बोलली नाही हो ती! भाजीत मीठ जास्त झालं तर चारचौघांत सुनावणारी फटकळ बाई... तेरवी झाल्यावर तिच्या खोलीत बसले होते. ताईची सून दारात येऊन म्हणाली, "मावशी, रेडिओ बंद करू का? आई दिवसभर चालूच ठेवायच्या, कोणी ऐको न ऐको." मी म्हटलं, "राहू दे गं." ती गेल्यावर दार लोटून घेतलं आणि पोटभर रडले.