हॉलमधलं चिकटपट्टीचं बटन

आमची लुरीन कुणाच्या अध्यात नव्हती की मध्यात नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढण्यात तिचं आयुष्य गेलं. नवरा व्हर्जिल कोळशाच्या खाणीत वायरिंगचं काम करायचा. खाणीतल्या धुळीनं त्याची छाती धरली आणि डोंगरावरचं घर चढवेना, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ डेन्झिल पुढं आला. म्हणाला, माझ्या जागेत खाली या, एक ट्रेलर बघून ठेवलाय. ट्रेलर म्हणजे कारखान्यात बनलेलं, ट्रकामागं ओढून आणून ठेवतात ते लांबडं घर. जुना होता, पण पायऱ्या दोनच. डेन्झिलनंच तो बसवला, नळ जोडले, वीजही त्यानंच ओढली.

आमच्या डोंगरात वायरमन बोलवत नाहीत. घरचा माणूस करतो, आणि घरच्या माणसानं केलेलं कुणी तपासत नाही. तपासलं तर त्याच्या तोंडावर मारल्यासारखं होतं. लुरीननंही तपासलं नाही.

मागच्या खोलीतले सॉकेट पहिल्यापासून मेलेले. डेन्झिल म्हणाला, भिंतीतली वायर जळलीय, अख्खी भिंत उघडावी लागेल, थंडी सरली की करू. हॉलमध्ये एक बटन होतं, त्यावर काळी चिकटपट्टी. डेन्झिलनं बजावलं होतं, हे खालच्या पाण्याच्या पाईपला गरम ठेवतं, बंद केलंत तर पाईप फुटेल. त्या पट्टीला कुणी नख लावलं नाही.

पण व्हर्जिलला श्वासाचं मशीन लागायचं रात्रभर. मागच्या खोलीत वीज नाही, मग मशीन बैठकीत. मशीन बैठकीत म्हणून व्हर्जिलही बैठकीत, आरामखुर्चीत. लुरीन आत पलंगावर एकटी. जन्मभर एका पांघरुणात झोपलेली माणसं ती. तिनं म्हटलं लांब वायर आणू, तर व्हर्जिल म्हणाला, तू पायात अडकून पडशील. ती म्हणाली, मग तू तरी बघ ना भिंतीत काय झालंय, तुझंच काम ते. तो म्हणाला, वाकलो की दम लागतो गं. थंडी सरली, दुसरी आली, भिंत कुणी उघडली नाही. डेन्झिल मात्र दर रविवारी हरणाचं मांस घेऊन यायचा, आणि लुरीन त्याला मक्याचा ब्रेड बांधून द्यायची. असा दीर देवानं सगळ्यांना द्यावा, म्हणायची.

व्हर्जिल त्या खुर्चीतच गेला. पहाटे ती चहा घेऊन आली तेव्हा मशीन चालू होतं, माणूस नव्हता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तिनं ट्रेलर दुरुस्तीला काढला. ओली झालेली फरशी उपटली, भिंतींचे तक्ते बदलायला घेतले. बहीण ओपल मदतीला आली. लुरीन म्हणाली, भिंत उघडतोच आहोत तर जळलेली वायर पण बघू. व्हर्जिलकडून ऐकलेलं तिच्या डोक्यात होतं. मेलेल्या सॉकेटचं दुखणं त्याच्यात नसतं, त्याच्या आधीच्या शेवटच्या जिवंत सॉकेटात असतं. टेबलावरचा दिवा हातात घेऊन ती सॉकेट सॉकेट फिरली. बाथरूमबाहेरचा जिवंत, त्यापुढं सगळे मेलेले. मेन बंद करून तो जिवंत सॉकेट उघडला. आतली वायर कुठंही जळलेली नव्हती. खोलीकडं जाणारी वायर नीट कापलेली, टोकाला प्लास्टिकची टोपी लावून बंद केलेली. तिच्या जागी दुसरी नवी वायर जोडलेली, ती पट्टीच्या बटनाकडं गेलेली, आणि बटनापासून खाली फरशीत.

मेन चालू केला. मग लुरीननं बाहेरून घराच्या बुडाचा पत्रा सोडवला आणि पोटावर सरपटत आत गेली. ओपल वरून ओरडत होती, बाई, तुझं वय काय, साप असेल. लुरीन म्हणाली, हिवाळ्यात साप झोपतो, तू पट्टी काढ आणि बटन बंद कर. ओपलनं केलं. पाईपला गुंडाळलेली तापणारी तार गरमच राहिली. तिचा प्लग तर दुसरीकडंच होता. बटनाची वायर मात्र एका नळीतून जमिनीत शिरलेली, सरळ शेजारच्या डेन्झिलच्या शेडकडं.

शेडमध्ये मोठा फ्रीझर होता. लुरीन दार उघडून उभी राहिली तेव्हा तो गप्प होता. तिथूनच तिनं ओपलला हाक मारली, चालू कर. फ्रीझर घुरघुरायला लागला.

ती बराच वेळ ते ऐकत उभी राहिली. मग परत येऊन तिनं स्वतःच्या हातानं बटन बंद केलं आणि चहा टाकला. ओपल डेन्झिलला शिव्या घालत होती.

शिकारीचा हंगाम नुकताच संपलेला. फ्रीझर गच्च भरलेला. रविवार आला तेव्हा डेन्झिल रिकाम्या हातानं आला, दारातच थांबला.

"वहिनी, ते बटन बंद केलंस काय? पाईप गोठेल ना."

"पाईप बरा आहे. तुझं हरीण वितळलं काय?"

त्यानं टोपी काढली, फिरवत राहिला. सांगायला लागला, शेडला वेगळं मीटर मिळत नव्हतं, दोन्हीचा भार झेपेना म्हणून आठ दिवसांपुरती तुमच्या खोलीची वीज तोडून घेतली होती, मग राहूनच गेलं, मांस काय मी एकट्यानं खाल्लं का. लुरीन म्हणाली, तुझा भाऊ दोन हिवाळे खुर्चीत बसून झोपला, डेन्झिल. तुझं मांस मात्र पाय पसरून झोपलं.

डेन्झिलला ते लागलं. लागलं म्हणूनच त्याच्या तोंडून निघालं असेल.

"व्हर्जिलला माहीत होतं, वहिनी. पहिल्याच आठवड्यात त्यानं टेस्टर लावून बघितलं होतं. मला म्हणाला, राहू दे. लुरीनला कळलं तर ती तुला दारात उभं करणार नाही, आणि मला भाऊ एकच आहे."

लुरीन तिथंच पायरीवर बसली. डेन्झिलनं फसवलं ते तिनं चार दिवसांत कसंबसं गिळलं होतं. पण हे. ती रात्र रात्र आतून विचारायची, जागा आहेस का रे, ये ना आत, आणि तो बाहेरून म्हणायचा, हो गं, काय करणार, वीज नाही ना तिकडं.

ती उठून आत गेली. आरामखुर्ची जड होती, ओपल धरायला धावली, पण तिनं धरू दिलं नाही. एकटीनं ओढत दारापर्यंत आणली, दोन पायऱ्यांवरून खाली ढकलली.

"घेऊन जा. त्यानं तुझ्याकरता सोसली, तुझ्याच घरात शोभेल."

त्याच दुपारी तिनं मागच्या खोलीची वायर स्वतःच परत जोडली. पलंगाजवळच्या सॉकेटात दिवा लावला, व्हर्जिलच्या बाजूला. लगेच पेटला. दहा मिनिटांचंसुद्धा काम नव्हतं ते. ओपलला ती तेवढंच म्हणाली, आणि दिवा बंद करून भांडी घासायला गेली.