शेतकरी कुठंय?

द्वारका चौकातल्या माझ्या फुलांच्या दुकानात झेंडू एकाच बाईच्या शेतातून येतो. फुलं खुडताना ती फुलांकडे बघत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघते. त्यामुळे मी घासाघीस करायची कधीच सोडून दिली.

गारपिटीनंतर पंचनाम्याला तलाठी आले, तेव्हा मी तिच्या शेतातच होतो. तिच्यामागच्या घराकडे बघत त्यांनी विचारलं, "शेतकरी कुठंय?"

शेत नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा मनमाडला रेल्वेत. तिनं त्याला फोन लावला, स्पीकर चालू केला. "अहो, साहेब विचारत्यात, आपल्या वावरात काय लावलंय?"

"मला काय माहीत? तुलाच ठाऊक."

तलाठी ओशाळले. "पण ताई, भरपाई सातबाऱ्यावर नाव असेल त्यालाच मिळते."

त्यांच्या डोळ्यांत बघत ती फोनमध्ये म्हणाली, "ऐकलं ना? सोमवारी सुट्टी टाकून या. सातबाऱ्यावर माझं नाव लावायचंय."