कादरभाईंची जवारी

मंडईच्या मागच्या गल्लीत माझं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून कादरभाईंचं तानपुऱ्यांचं. होतं, असं म्हणायला हवं. जिभेला अजून सवय झालेली नाही.

माझं नाव पोपट. त्यावर सगळी गल्ली दमेपर्यंत हसून झालेली आहे. कादरभाई मात्र पहिल्या दिवसापासून पोपटराव म्हणत आले. गाण्यातलं मला काही कळत नाही, पण भिंतीपलीकडचं ऐकून ऐकून जवारी म्हणजे काय एवढं कळलं. तानपुऱ्याच्या तारा ज्या चपट्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीने घासून असा उतरता करायचा की तार तिला नुसती चाटून जावी. मग तार टणकन वाजून थांबत नाही, गुंजत राहते. कानस जरा जास्त फिरली की संपलं. घासलेलं परत भरता येत नाही. कादरभाई घासायचे, तार छेडायचे, डोळे मिटायचे, परत घासायचे. सबंध सकाळ तेच. मी वैतागून भिंतीवर थाप मारायचो. पलीकडून आवाज यायचा, "झालंच, पोपटराव." झालेलं काही नसायचं.

बरं, लागलेली जवारी कायम राहते असंही नाही. तारांनी घोडीवर चरे पडतात, आवाज बसतो, जवारी उतरते, आणि गाणारी मंडळी तानपुरा उचलून परत कारागिराच्या दारात येतात. कादरभाईंचं घर नव्या तानपुऱ्यांपेक्षा या फेऱ्यांवरच जास्त चालायचं. माझंही तसंच आहे. लोकांच्या कुकरच्या रिंगा झिजतात म्हणून मी जेवतो.

करोनाच्या बऱ्याच आधी सौमित्र नावाचा एक इंजिनिअर त्यांच्याकडे आला. फोनवर वाजणारा तानपुरा बनवत होता. "काका, तुमचा बेस्ट पीस हवा. एकदम परफेक्ट साउंड," म्हणाला. कादरभाईंना स्फुरण चढलं. त्या तानपुऱ्यावर त्यांनी जीव ओतला. कितीतरी घोड्या टाकून दिल्या. शेवटी एका दुपारी जवारी अशी लागली की मी चालू मिक्सर बंद करून नुसता बसून राहिलो. सौमित्रने आवाज रेकॉर्ड करून नेला. गडी सरळ होता. ठरलेलं सगळं दिलं, फोनवर तानपुऱ्याखाली कादरभाईंचं नावही घातलं. त्याला नावं ठेवायला जागाच नाही, आणि मला त्याचाच राग येतो.

कारण त्यानंतर हळूहळू माणसं येईनाशी झाली. आधी विद्यार्थी, मग क्लासवाले, मग मैफली करणारेसुद्धा. कादरभाई म्हणायचे, मंदी आहे. माझ्या डोक्यात मात्र एक दिवस कुकरची रिंग बदलता बदलता उजेड पडला. त्या रेकॉर्डिंगमधली घोडी कधी झिजणारच नाही. या माणसाने आपल्या हाताने असा तानपुरा करून दिला होता, जो कधी दुरुस्तीला येणार नाही. असा कुकर मी मेलो तरी कुणाला करून देणार नाही. हे मी त्यांना कधीच बोललो नाही. बहुतेक त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

त्यांचा मुलगा नबील हडपसरला कंपनीत आहे. चांगला मुलगा आहे. गेल्या वर्षी दुकानात येऊन म्हणाला, "अब्बा, आता बास. अम्मी येते म्हणाली आहे, तुम्हीही चला माझ्याकडे." त्याच आठवड्यात सत्यशीलाबाईंनी नवा तानपुरा सांगितला होता. सदाशिव पेठेत त्यांचा गाण्याचा क्लास आहे आणि कुठलं वाद्य घ्यायचं, हे विद्यार्थी त्यांना विचारून ठरवतात. कादरभाई मुलाला म्हणाले, "हा तानपुरा बाईंच्या क्लासात बसला, तर दुकान राहील. नाही बसला, तर मी स्वतः कुलूप लावतो." नबील बरं म्हणाला.

नव्या तानपुऱ्याचा भोपळा झकास निघाला. लाकूडकाम, रंग, पॉलिश, बोट ठेवायला जागा नव्हती. अडलं जवारीपाशी. रोज चालतो तोच हात राहतो, आणि यांच्या हाताला काही वर्षं कामच नव्हतं. त्यात बोटं थरथरायला लागलेली. घासून झालं की ते शेजारी फोनवर स्वतःचा जुना आवाज लावायचे आणि ताडून बघायचे. भिंतीतून मला दोन्ही ऐकू यायचे. फोनमधला भरून यायचा. नव्यात बारीक खरखर होती, मलाही कळेल एवढी. त्यांना किती कळत असेल! मग घोडी काढायची, दुसरी बसवायची, पुन्हा पहिल्यापासून. मी थाप मारणं सोडून दिलं होतं.

सत्यशीलाबाई आल्या त्या दिवशी मी मुद्दाम पलीकडे जाऊन बसलो. बाईंनी तानपुरा लावला, थोडं गायल्या, थांबल्या. मग पर्समधून फोन काढून तोच आवाज लावला आणि दोन्ही ऐकले.

"कादरभाई, आपल्याशी खोटं बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "मुलींचा कान यावर तयार झालाय. हाही आपलाच आहे. याच्यापेक्षा कमी मी त्यांना कसं देऊ?"

"बरोबर आहे, बाई," कादरभाई म्हणाले.

"गुरुपौर्णिमेला आपला सत्कार करायचं ठरवलंय आम्ही. आपण नाही म्हणू नका."

मला राहवलं नाही. "सत्काराच्या दिवशी स्टेजवर कुठला तानपुरा असेल, बाई?" मी विचारलं. बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला आणि चपला घातल्या.

त्या गेल्यावर कादरभाईंनी चारही तारा सैल केल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून बाईंना शिव्या घालायला लागलो. त्यांनी मला थांबवलं. "दुसऱ्या कुणाकडून हरलो असतो ना पोपटराव, तर भांडलो असतो," म्हणाले. मला रडू आलं. त्यांना आलं नाही, ते मला जास्त लागलं.

सत्काराला ते गेले नाहीत. परवा मी हडपसरला त्यांच्याकडे जाऊन आलो. सातवा मजला, स्वच्छ घर, कमरजहांभाभींनी चहा केला. वरच्या मजल्यावर एक मुलगी गाणं शिकते. मी होतो तेवढ्यात तिने फोनवर तानपुरा लावला. तोच. भाभी खिडकी लावायला उठल्या.

"राहू दे," कादरभाई म्हणाले आणि मुलीचं गाणं संपेपर्यंत डोळे मिटून बसले.

भाभी मला दारापर्यंत सोडायला आल्या. "रोज असेच बसतात," हळूच म्हणाल्या. "म्हणतात, एक ना एक दिवस हिच्या फोनमधली जवारी उतरेल. मग ती मुलगी खाली येईल, आपल्याला विचारायला."