नसीमला विचारलं तेव्हा

आरिफ गेल्यानंतर कित्येक महिने मी नमाज पढत होतो, पण दुआ मागत नव्हतो. पाच वेळा उभा राहायचो, वाकायचो, कपाळ जमिनीला टेकवायचो. शेवटी हात वर करायची वेळ आली की ते मांडीवरच पडून राहायचे. मागायचं तरी काय? जे मागितलं असतं ते तर नेलंच होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोला, रुकय्याला, वाटायचं की मी सबर करतोय, धीराने सोसतोय. खरं म्हणजे मी रुसलो होतो, आणि साठी उलटलेल्या माणसाने अल्लाहवर रुसून बसावं याची मनातून लाजही वाटत होती.

आम्ही मूळचे चिपळूणकडचे. केंद्र सरकारच्या नोकरीत सगळी हयात दिल्लीत गेली, आणि निवृत्त होऊन सरकारी क्वार्टर सोडलं तेव्हा दिल्लीच्याच द्वारका भागात एका सोसायटीत फ्लॅट घेतला. तेव्हा इथल्या निम्म्या इमारती रिकाम्या होत्या, रस्ते अवाढव्य आणि झाडं कमरेएवढी. घरात आम्ही मराठीच बोलतो, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. थोरला मुलगा आरिफ मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होता. रोज कंपनीच्या बसने जायचा. एका सकाळी बस चुकली म्हणून त्याने मोटरसायकल काढली, आणि हायवेवर ट्रकने त्याला उडवलं. मागे राहिली एकोणतीस वर्षांची नसीम, त्याची बायको, आणि चार वर्षांची सना.

नसीमने इद्दत पाळली. नवरा गेलेल्या बाईने चार महिने दहा दिवस घरात राहायचं, नटायचं नाही, आणि या काळात तिच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी कोणी करायची नाहीत, असा आमच्यात नियम आहे. ती शाळेत विज्ञान शिकवायची, तिथून तिने बिनपगारी रजा घेतली. तिने तिचं पाळलं. आम्ही आमचं पाळलं नाही. तिसऱ्याच महिन्यात चिपळूणहून माझ्या थोरल्या भावाचा, भाईजानचा, फोन आला. घरची मुलगी घरातच राहू दे, म्हणाले, इद्दत संपली की इम्तियाजशी तिचा निकाह लावून टाक. इम्तियाज म्हणजे माझा धाकटा, आरिफचा भाऊ. गुरगावच्या एका नव्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा. दिराशी निकाह आमच्या दीनमध्ये, म्हणजे धर्मात, जायज आहे, आमच्या नात्यात असे दोन-तीन झालेतही. इद्दतीत असलं बोलणं बरं नव्हे हे मला कळत होतं. तरी मी फोन ठेवला नाही, कारण भाईजान माझ्या मनातलंच बोलत होते.

मनातलं म्हणजे काय, तेही सांगतो. मला सना जाऊ द्यायची नव्हती. तिच्या भुवया अगदी आरिफच्या होत्या. नसीम माहेरी गेली किंवा दुसऱ्या घरी गेली तर त्या भुवया माझ्या घरातून जाणार, एवढाच माझा हिशेब होता. त्याला मी नसीमचं भलं असं नाव दिलं.

इद्दत संपल्यावर मी इस्तिखारा केला. एखादी गोष्ट करावी की नाही हे कळत नसेल तर दोन रकात नमाज पढून अल्लाहलाच विचारायचं, त्याला इस्तिखारा म्हणतात. काही लोकांना स्वप्न पडतं, काहींच्या मनाचा कल ठरतो. मला ना स्वप्न पडलं, ना काही उमगलं. मी विचारलंच कुठे होतं? ठरवलेल्या गोष्टीवर मी फक्त शिक्का मागत होतो. काहीच उत्तर आलं नाही, तेव्हा हरकत नाही असा अर्थ मी काढला.

नसीमच्या बाबतीतही तेच झालं. रुकय्याने तिच्या कानावर घातलं तेव्हा ती भेंडी चिरत होती. ऐकून घेतलं, सुरी धुतली, आत निघून गेली. लाजली, असं रुकय्याने मला सांगितलं. मी इम्तियाजशी बोललो तर तो टीव्हीकडे बघत म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं, अब्बा. झालं. घर ठरवून मोकळं झालं.

मे महिना होता. नसीमसाठी अंगठी बघायला मी एकटाच करोल बागेत गेलो, कारण रुकय्याचे गुडघे जिने चढू देत नव्हते. मेट्रो नुकतीच सुरू झालेली, आत गारेगार. बाहेर आलो आणि ऊन अंगावर कोसळलं. मला साखरेचा आजार, सकाळी गोळी घेतलेली आणि खायचं राहून गेलेलं. गाड्यांची सीट कव्हरं विकणाऱ्या दुकानांच्या रांगेतून चाललो होतो. अचानक घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरचे बोर्ड पाण्यातून दिसावेत तसे दिसू लागले. एका दुकानाच्या पायरीवर मी बसलो की पडलो, ते आठवत नाही.

त्या पायरीवर आधीच एक म्हातारी बसली होती. काळा बुरखा, चेहरा उघडा, वय सत्तरीपुढचं, दात मोजकेच. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि दोन बत्तासे माझ्या तोंडात सरळ कोंबले. दुकानदाराकडून पाणी मागवलं. मला हुशारी येईपर्यंत तिचा हात माझ्या खांद्यावर होता. माझ्या आईनंतर असा हात कोणी ठेवला नव्हता. जरा बरं वाटल्यावर तिने विचारलं, असा उन्हात कशाला आलास? आणि मी, जो घरातही चार शब्द धड बोलत नव्हतो, तिला सगळं सांगितलं. आरिफ, नसीम, सना, अंगठी.

तिने बत्ताशांची पुडी पिशवीत परत ठेवली. मग म्हणाली, "बच्ची से पूछा?"

मी म्हणालो, तिच्या कानावर घातलंय, ती काही बोलली नाही.

"कुँवारी की ख़ामोशी को हाँ मान लेते हैं, भाई. बेवा की नहीं. बेवा को बोलना पड़ता है."

दीनमधला हा नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. लहानपणी मदरशात शिकलो होतो. लग्न न झालेल्या मुलीचं मौन होकार धरता येतं, पण जिचं एकदा लग्न झालंय तिला स्पष्ट विचारायचं, तिने स्पष्ट सांगायचं, तिचा स्वतःवर इतर कोणाहीपेक्षा जास्त हक्क. ठाऊक असलेलीच गोष्ट त्या उन्हात नव्याने ऐकल्यासारखी वाटली. म्हातारीने मग स्वतःचं सांगितलं. तिचाही नवरा तरुणपणी गेला होता आणि घरच्यांनी दिराशी निकाह लावला होता. माणूस चांगला होता, म्हणाली, चाळीस वर्षांत कधी आवाज चढवला नाही. मग म्हणाली, "पर मुझसे किसी ने पूछा नहीं था."

तिने हे रडत सांगितलं नाही, तक्रारीच्या सुरातही नाही. पण चाळीस वर्षं उलटल्यावरही जी गोष्ट रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला सांगावीशी वाटते, ती लहान नसते. कोणीतरी तिला न्यायला आलं, ती उठून गर्दीत गेली. मी तिचं नावही विचारलं नाही. पुढे दोनदा त्या दुकानी जाऊन आलो. दुकानदार म्हणाला, पायरीवर दिवसाला दहाजणी बसतात, कोणाकोणाला ओळखणार? ती कोण होती याचा काथ्याकूट मी करत नाही. इस्तिखाऱ्याचं उत्तर मला मिळालं, एवढं मला कळलं.

अंगठी न घेता घरी आलो. रुकय्या शेजारी गेली होती, सना झोपली होती. नसीम चहा घेऊन आली तेव्हा तिला मी समोर बसायला सांगितलं. म्हणालो, इम्तियाजबद्दल आम्ही ठरवलं, पण तुला विचारलं नाही. आज विचारतो.

तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "अब्बा, खरं सांगू, की तुम्हाला बरं वाटेल ते सांगू?"

"खरं सांग."

"इम्तियाज कॉलेजात होता तेव्हापासून मी त्याचे डबे भरलेत. त्याच्याशी संसार मला जमणार नाही. नाही म्हटलं तर सनाला घेऊन हे घर सोडावं लागेल असं वाटलं, म्हणून गप्प बसले."

म्हणजे ज्याला आम्ही लाज म्हणत होतो ती भीती होती. माझ्याच घरात, माझीच भीती. मी तिला सांगितलं की हे घर तिचं आहे, ती नाही म्हणाली तरी आणि उद्या दुसऱ्या कोणाला हो म्हणाली तरी. संध्याकाळी इम्तियाजला सांगितलं. तो उठला, माझ्या गळ्यात पडला आणि लहान मुलासारखा रडला. त्यालाही आम्ही विचारलं नव्हतंच. त्या दिवशी सूर्यास्ताच्या, मगरिबच्या नमाजनंतर माझे हात आपोआप वर गेले. मागितलं काहीच नाही, फक्त माफी.

नसीम पुन्हा शाळेत जाऊ लागली. वर्षभराने एके दिवशी तिनेच मला येऊन सांगितलं की शाळेत गणित शिकवणारे यूसुफ नावाचे एक सर आहेत, त्यांनी विचारलंय. बिजनौरकडचा माणूस, आधीचं लग्न तलाकने मोडलेलं. मी त्याला घरी बोलावलं. लग्नाआधी एकमेकांना पाहावं, बोलावं, हे दीननेच सांगितलंय. मी बाजूला बसलो आणि ती दोघं बोलली. तिने त्याला आधीचं लग्न का मोडलं ते सरळ विचारलं, आणि त्याने स्वतःच्या चुका आधी सांगितल्या, तेव्हाच तो मला आवडला. सनाचं काय, नोकरीचं काय, सगळं तिने विचारलं. लग्नाच्या बाजारात आमच्या मुली खाली मान घालून बसलेल्या मी आयुष्यभर पाहिल्या. त्या दिवशी मान वर करून बसलेली एक पाहिली.

लग्न ठरल्यावर रुकय्या दोन महिने माझ्याशी नीट बोलली नाही. सना जाणार, हे दुःख माझ्याइतकंच तिचंही होतं, मी तिला दोष देत नाही. पण भाईजान थेट गाडीत बसून दिल्लीला आले. हॉलमध्ये बसून मोठ्या आवाजात बोलू लागले. परमुलखातला, आपल्या पंथाचा नाही, आपण शाफई आणि तो हनफी, त्यात तलाक झालेला. सासऱ्याने सून दुसऱ्याला द्यायची हे आपल्या खानदानात कधी झालं नाही, लोक तोंडात शेण घालतील, पोरीला वेसण घाल. नसीम स्वयंपाकघरात सगळं ऐकत होती. आमचे वडील गेल्यापासून भाईजानांच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नव्हतो. लग्न, नोकरी, मुलांची नावं, सगळं त्यांना विचारून. त्या दिवशी मी उभा राहिलो.

म्हणालो, "भाईजान, अल्लाहने तिच्यावर जे घातलं ते तिने चार महिने दहा दिवस पाळलं. आता अल्लाहने तिला जे दिलंय ते मी काढून घेणार नाही. आणि तुम्हालाही घेऊ देणार नाही."

ते म्हणाले, मग मला भाऊ म्हणू नकोस. मी म्हणालो, मी म्हणणार, तुम्ही ओ देऊ नका. ते चहा न पिता उठले. निकाहला आले नाहीत, पुढे सहा वर्षं बोलले नाहीत आणि तसेच गेले. त्यांच्या मातीला मी गेलो होतो. त्यांची आठवण येते. पण ते शब्द मी आजही परत घेणार नाही.

निकाह घरातच झाला. नसीमचे वडील नव्हते. कुवेतला असणाऱ्या तिच्या एकुलत्या भावाने फोनवर परवानगी दिली आणि सांगितलं की माझ्या वतीने अब्बाच वकील. म्हणजे नवरीला तिची मर्जी विचारायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या मुलाच्या बायकोला दुसऱ्याच्या निकाहसाठी विचारायचं. दोन साक्षीदार घेऊन मी आतल्या खोलीत गेलो. यूसुफचं नाव घेतलं, नवऱ्याने द्यायच्या मेहरची रक्कम सांगितली, आणि विचारलं, तुझी इजाजत आहे?

नसीम स्पष्ट म्हणाली, "हो. माझी इजाजत आहे."

साक्षीदारांपैकी एक बिजनौरचे वृद्ध गृहस्थ होते. त्यांना मराठी कळेना. ते म्हणाले, बिटियाने काय म्हटलं? तेव्हा नसीमने हिंदीतून पुन्हा सांगितलं. बायका हसल्या. माझे डोळे भरून आले होते, तरी मीही हसलो.

सना गेली, आणि घर काही दिवस खायला उठलं. मला वाटायचं, स्वतःला अल्लाहच्या हवाली करणं म्हणजे जे वाट्याला येईल त्यापुढे मान तुकवणं. भाईजानांपुढे, रिवाजापुढे, लोकांपुढे मी तेच करत आलो आणि त्याला दीन म्हणत आलो. आता कळतं की त्याच्यापुढे खरोखर झुकायचं तर आधी इतर पुष्कळांपुढे ताठ उभं राहावं लागतं. आणि आपलं माणूस मुठीत धरून ठेवलेलं असताना हात दुआसाठी उघडत नाहीत. माझे उघडले, ते उघडणाऱ्या अल्लाहचे आभार.

दोन वर्षांनी नसीमला मुलगा झाला. बाळाच्या कानात पहिली अजान घरातल्या वडीलधाऱ्याने द्यायची आमच्यात रीत आहे, आणि यूसुफचे वडील हयात नाहीत. त्याने हॉस्पिटलमधूनच फोन केला, अब्बा, अजान तुम्ही द्यायची. दारातल्या नर्सने विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? भाईजान तिथे असते तर म्हणाले असते, कोणीच नाही. मी म्हणालो, बाप. आत गेलो. रुकय्या माझ्या आधीच पोहोचून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, सना तिच्या खांद्याला चिकटलेली. माझ्या रक्ताचा थेंबही नसलेलं ते बाळ मी हातात घेतलं, त्याच्या उजव्या कानाशी वाकलो आणि अजान सुरू केली.